दुपारी गप्प होणारे नोड: क्लॉकची सहनशक्ती सिग्नल जनरेटरने मोजताना

नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षांच्या एका शीतगृहातलं हे प्रकरण. द्राक्षं शून्य अंशाच्या आसपास आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत ठेवावी लागतात. निर्यातीचा हंगाम ऐन भरात असताना तापमानाची नोंद तुटली, तर मालकाला आयातदाराच्या प्रश्नांना उत्तर देता येत नाही. म्हणून प्रत्येक खोलीत, आणि कॉम्प्रेसर रूममध्येही, तापमान मोजणारे छोटे नोड बसवले होते. सगळे एकाच आरएस-४८५ (दोन तारांवर सिग्नल नेण्याची पद्धत) केबलवर, मोडबस आरटीयू (प्रश्नोत्तरांची ठरलेली भाषा), ९६०० बॉड (सेकंदाला तितके बिट), ८ डेटा बिट, सम पॅरिटी (चूक पकडणारा एक जादा बिट), १ स्टॉप बिट (शेवट दाखवणारा). ऑफिसातला गेटवे एकेकाला विचारणार, नोड उत्तर देणार.

हिवाळाभर सगळं सुरळीत चाललं. मार्चच्या मध्यापासून कॉम्प्रेसर रूममधले दोन नोड दुपारी गप्प व्हायला लागले आणि संध्याकाळी आपोआप बोलायला लागले. थंड खोल्यांमधला एकही नोड कधी चुकला नाही.

अशा तक्रारीत पहिला संशय केबलवर जातो, आणि तो जायलाच हवा. टोकांचे १२० ओहमचे रेझिस्टर तपासून झाले, अर्थिंग झालं, शेवटी कॉम्प्रेसरच्या मोटरपासून दूर नवी केबलही ओढली. फरक शून्य. मग कुणीतरी बॉड रेट ९६०० वरून ४८०० वर आणला आणि तक्रार एकदम कमी झाली. एक नोड पूर्ण सुधारला, दुसरा फक्त भर दुपारी गळायचा. सगळ्यांनी त्यावरून निष्कर्ष काढला की वेग कमी केल्यावर सुधारतं म्हणजे दोष लाइनचाच. शीतगृहाचा मेंटेनन्स पाहणारा माणूस मात्र वैतागून म्हणाला, "साहेब, केबल सगळी बदलली, आता भिंत बदलू का?" तो बरोबर होता. ४८०० चा तो पुरावा दिसायला भक्कम होता, पण वेगळ्याच गोष्टीकडे बोट दाखवत होता. त्याचा उलगडा पुढे येईल.

खरा दुवा नोडवरच्या हिरव्या एलईडीत होता. आपल्या पत्त्यावरचा संदेश सीआरसीसकट (चूक पकडणारा तपासणीचा आकडा) बिनचूक आला की तो एकदा लुकलुकतो. दुपारी नोड गप्प असताना हा एलईडीही विझलेला असायचा. म्हणजे उत्तर वाटेत हरवत नव्हतं. नोडला प्रश्नच समजत नव्हता. त्यामुळे शोध अर्ध्यावर आला: नोडची ऐकण्याची बाजू, आणि तीही फक्त उष्णतेत.

नोड उघडल्यावर आत एटमेगा३२८पी मायक्रोकंट्रोलर, शेजारी क्रिस्टलसाठी, म्हणजे घड्याळाचा अचूक ठोका देणाऱ्या भागासाठी, सोडलेली रिकामी जागा. खर्च वाचवायला क्रिस्टल लावलाच नव्हता. चिप आपल्या आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या आरसी ऑसिलेटरवर, म्हणजे रेझिस्टर-कपॅसिटरच्या कमी अचूक घड्याळावर (क्लॉक), चालत होती. त्यात १२ व्होल्टचे ५ करणारा ७८०५ रेग्युलेटर त्याच बंद प्लास्टिक डबीत, आणि डबी कॉम्प्रेसरच्या गरम पाइपाशेजारी भिंतीवर.

इथे यूएआरटीचं (चिपमधला सीरियल बिट घेणारा-देणारा भाग) गणित थोडं सविस्तर मांडतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सीरियल लाइनवर क्लॉकची वेगळी तार नसते. स्टार्ट बिटची घसरती कड दिसली की घेणारा आपल्या घड्याळाने मोजायला लागतो आणि प्रत्येक बिटाच्या मध्यावर वाचतो. लेझीम पथकात सगळ्यांनी पहिल्या ठोक्यावर एकत्र सुरुवात करावी आणि पुढे ढोल ऐकू न येता आपापल्या अंदाजाने पावलं टाकावीत, तसं हे आहे. पहिल्या पावलात फरक कळत नाही, दहाव्याला पाय पाय तुडवतात. आपल्या फ्रेममध्ये स्टार्ट धरून ११ बिट आहेत, म्हणजे स्टॉप बिटाचा मध्य सुरुवातीपासून साडेदहा बिट अंतरावर येतो. तिथवर चूक अर्ध्या बिटाच्या आत राहायला हवी. नुसत्या कागदी हिशोबाने हे पावणेपाच टक्के होतात. पण ही चिप एका बिटाचे १६ भाग करून मधल्या तीन नमुन्यांचं बहुमत घेते, त्यामुळे डेटाशीट ९ बिटांसाठी (८ डेटा आणि पॅरिटी) कमाल मर्यादा एका बाजूला ४.१४ आणि दुसऱ्या बाजूला ४.१९ टक्के देतं आणि शिफारस फक्त दीड टक्क्याची करतं. आणि त्याच डेटाशीटमध्ये आतल्या आरसी ऑसिलेटरची कारखान्यातली अचूकता ३ व्होल्ट आणि २५ अंशांवर दहा टक्के अशी दिलेली आहे! प्रत्यक्षात चिप बहुतेक वेळा यापेक्षा पुष्कळ चांगली निघते, आणि म्हणूनच "चालतंय की" म्हणून असे बोर्ड बाजारात जातात.

आधी नोडचं घड्याळ खरंच किती धावतं ते पाहिलं. सीकेआउट नावाचा फ्यूज बिट (चिपच्या आत साठवलेली सेटिंग) लावला की आतला क्लॉक पीबी-० पिनवर बाहेर येतो. ती पिन या बोर्डावर मोकळी होती. ही सोय वापरावी असं मी आग्रहाने सांगेन, कारण ऑसिलेटरच्या पिनवर थेट प्रोब टेकवणं ही वेगळीच फसवणूक असते. आरसीला बाहेर पिनच नाही, पण क्रिस्टल असेल तिथे १० पटीच्या प्रोबचे दहा-पंधरा पिकोफॅरॅड जोडले गेले की फ्रिक्वेन्सी सरकते, कधी ऑसिलेटर बंदच पडतो. बफरमधून बाहेर आलेला क्लॉक कितीही मोजा, मूळ हलत नाही.

बोर्ड पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून आत ६० वॅटचा बल्ब लावला, चिपला थर्मोकपल चिकटवलं. पहिला नोड खोलीच्या तापमानाला ८.०४ मेगाहर्ट्झ, ६५ अंशांना ८.१९. दुसरा ८.११ वरून ८.२७ वर गेला. थंड खोलीतून काढून आणलेला एक नोड शून्य अंशाजवळ आठच्या किंचित खाली होता. उष्णतेत घड्याळ पुढे धावतं हे नक्की झालं.

पण इथेच थांबलो असतो तर प्रकरण अर्धवट राहिलं असतं. ८.१९ म्हणजे सव्वादोन-अडीच टक्के जास्त. डेटाशीटच्या कमाल मर्यादेत ते आरामात बसतं. मग पहिला नोड गप्प का होतो? फ्रिक्वेन्सी काउंटर फक्त घड्याळ किती चुकलं ते सांगतो. सर्किट किती चूक सोसतं हे सांगायला घड्याळ आपल्या हातात घ्यावं लागतं, आणि ते काम सिग्नल जनरेटरचं.

योजना साधी होती. फ्यूज बिट बदलून चिपला बाहेरच्या क्लॉकवर टाकायचं, एक्सटाल-१ पिनवर जनरेटरचा स्क्वेअर वेव्ह द्यायचा, पीसीवरून मोडबसचे प्रश्न सतत सोडत राहायचे आणि ८ मेगाहर्ट्झपासून एकदा वर, एकदा खाली सरकत एलईडी कुठे थांबतो ते पाहायचं. योजना साधी असली तरी बोर्ड मरायच्या जागा इथेच जास्त आहेत, म्हणून जोडणीवर जरा थांबतो.

पहिली जागा म्हणजे जनरेटरची लोड सेटिंग. बहुतेक फंक्शन जनरेटरचा आउटपुट इम्पिडन्स ५० ओहम असतो, आणि पडद्यावर दिसणारा आकडा पलीकडेही ५० ओहम आहेत असं गृहीत धरून दिलेला असतो. मायक्रोकंट्रोलरची पिन जवळपास काहीच करंट घेत नाही, त्यामुळे तिच्यावर दुप्पट व्होल्टेज पोचतं. पडद्यावर ५ व्होल्ट, पिनवर १०. म्हणून आधी सेटिंग हाय-झेड (पलीकडे करंट न घेणारा लोड) करायची. दुसरी जागा ऑफसेट. ५ व्होल्ट पीक-टू-पीक म्हटलं की जनरेटर डीफॉल्टने उणे अडीच ते अधिक अडीच देतो. उणा भाग पिनच्या आतल्या संरक्षक डायोडमधून वाहतो आणि वरचा भाग क्लॉक म्हणून ओळखलाच जात नाही. अडीच व्होल्टचा ऑफसेट देऊन ० ते ५ करायचं, आणि आउटपुट बोर्डाला जोडण्याआधी स्कोपवर पाहून घ्यायचं. पॉवरचा क्रमही महत्त्वाचा: आधी बोर्डाला ५ व्होल्ट, मग जनरेटरचं आउटपुट चालू. उलट केलं तर चिप क्लॉकच्या पिनमधूनच अर्धवट पॉवर ओढायला लागते.

तिसरी गोष्ट मगरक्लिपांची. लांब क्लिपा आणि लांब ग्राउंडच्या तारेवर ८ मेगाहर्ट्झच्या स्क्वेअरच्या कडा थरथरतात. ती थरथर ० आणि १ मधल्या उंबरठ्याजवळ आली की चिप एका कडेच्या दोन मोजते, आणि मग आपण फ्रिक्वेन्सीची मर्यादा शोधतोय असं वाटत असताना खरं तर वायरिंगचा दोष मोजत असतो. मी कोॲक्स थेट बोर्डावर सोल्डर केली, शील्ड चिपच्या ग्राउंड पिनशेजारी, आणि पिनच्या तोंडाशी १०० ओहमचा एक रेझिस्टर. कडा स्वच्छ झाल्या. जनरेटर विकत घेताना हेही पाहावं: वर २५ मेगाहर्ट्झ लिहिलेलं असतं ते साइनसाठी, स्क्वेअरची कमाल मर्यादा त्याहून बरीच खाली असते.

शेवटचं डेटाशीटमधलं एक वाक्य, जे सहज नजरेआड होतं: बाहेरचा क्लॉक एका सायकलवरून पुढच्यावर २ टक्क्यांपेक्षा जास्त बदलला तर चिप काहीही करू शकते, असा बदल करायचा तर चिप रीसेटमध्ये धरायची. म्हणून एका पायरीला १० किलोहर्ट्झच हलवले, म्हणजे सव्वा दशांश टक्का. डीडीएस पद्धतीचा (अंकांवरून लाट घडवणारा) जनरेटर असेल तर फेज न तुटता फ्रिक्वेन्सी बदलते, हे इथे फार सोयीचं पडतं.

(बाहेरच्या क्लॉकचा फ्यूज लावून क्लॉक दिला नाही तर प्रोग्रॅमर त्या चिपला ओळखत नाही. चुकीच्या फ्यूजमुळे "मेलेल्या" म्हणून टाकलेल्या कितीतरी एव्हीआर (एटमेगाच्याच कुटुंबातल्या) चिपा एक्सटाल-१ वर मेगाहर्ट्झभराचा स्क्वेअर देऊन परत मिळवता येतात. प्रोग्रॅमरचा वेग मात्र क्लॉकच्या चौथाईपेक्षा कमी ठेवायचा.)

पहिली फेरी सीरियल सिग्नल थेट चिपच्या आरएक्स (सीरियल आत घेणाऱ्या) पिनवर देऊन केली, मधलं सगळं वगळून. खाली ७.६७ आणि वर ८.३४ मेगाहर्ट्झपर्यंत एलईडी नियमित लुकलुकला. हिशोब जुळतो: ८ मेगाहर्ट्झला १६ आणि ५२ ने भागलं की ९६१५ बॉड मिळतो, ९६०० पेक्षा आधीच थोडा जास्त, आणि त्यावर डेटाशीटच्या मर्यादा लावल्या की हेच दोन आकडे येतात. ६५ अंशांचे दोन्ही नोड, ८.१९ आणि ८.२७, या पट्ट्यात आरामात बसतात.

दुसरी फेरी बोर्ड जसा शीतगृहात असतो तसा, म्हणजे आरएस-४८५ च्या टोकापासून. खालची मर्यादा तीच, ७.६७. वरची मात्र ८.१८ वर तुटली. फक्त एकच बाजू आत सरकली होती. केबल किंवा नॉइजचा दोष असता तर दोन्ही बाजू कमी-जास्त सरकल्या असत्या. एका बाजूलाच झुकलेली मर्यादा म्हणजे बिटांचा आकारच कुठेतरी वाकडा होतोय.

आरएस-४८५ ची चिप आणि मायक्रोकंट्रोलर यांच्यामध्ये पीसी८१७ ऑप्टोकप्लर (एलईडीच्या प्रकाशाने फोटोट्रान्झिस्टरला सिग्नल देणारा भाग) होता, आउटपुटला १० किलो-ओहमचा पुल-अप (लाइन वर खेचणारा रेझिस्टर). आता जनरेटरची दुसरी बाजू कामाला लावली. ९६०० बॉडवर ०१०१०१ अशी ओळ म्हणजे ४८०० हर्ट्झचा स्क्वेअर वेव्ह. उंच भाग १०४ मायक्रोसेकंद, खालचा भागही १०४. हाच सिग्नल ऑप्टोच्या इनपुटला दिला आणि आउटपुट स्कोपवर पाहिलं. खाली जाणारी कड जवळपास उभी. वर येणारी कड मात्र कपॅसिटर चार्ज होताना दिसतो तशी कमानीने चढणारी. उंबरठ्यावर मोजलं तर खालचा भाग १२४ मायक्रोसेकंद, वरचा ८४. फोटोट्रान्झिस्टर चालू चटकन होतो. बंद होताना त्याच्यात साठलेला चार्ज त्या १० किलो-ओहममधूनच निघायचा असतो, म्हणून वेळ लागतो.

आता सगळं एका रेषेत आलं. स्टार्ट बिटाची घसरती कड वेळेवर येते, म्हणजे मोजणी वेळेवर सुरू होते. पण पॅरिटी बिट ० असेल तर त्यानंतरचा स्टॉप बिट २० मायक्रोसेकंद उशिरा वर येतो. घड्याळ पुढे धावणारा नोड तो बिट लवकर वाचतो, आणि लाइन अजून खालीच असते: फ्रेमिंग एरर. २० मायक्रोसेकंद म्हणजे बिटाचा पाचवा हिस्सा, साडेदहा बिटांवर पसरला की सुमारे १.८ टक्के. ४.१९ मधून १.८ गेले, उरले २.४ च्या आसपास, आणि तोच तो ८.१८ चा आकडा. मागे पडणाऱ्या घड्याळाला या उशिराचा काही त्रास नाही, ते आधीच उशिरा वाचतं. म्हणून थंड खोल्यांमधले नोड कधी चुकले नाहीत.

४८०० बॉडचं कोडंही इथेच सुटलं. घड्याळाची चूक टक्क्यांत असते. बॉड रेट कमी केला तरी टक्के तेच राहतात. पण ऑप्टोचा उशीर मायक्रोसेकंदांत असतो. बिट १०४ वरून २०८ मायक्रोसेकंदांचा झाला की तोच २० चा उशीर निम्म्या वजनाचा होतो आणि वरची मर्यादा ८.२६ पर्यंत जाते. ८.१९ वाला नोड त्यामुळे सुधारला आणि ८.२७ वाला भर दुपारी गळत राहिला. जनरेटरवर ४८०० बॉड लावून पुन्हा मर्यादा पाहिली, ती ८.२६ लाच निघाली. एखाद्या निदानाने जुनी, चुकीची वाटणारी सगळी निरीक्षणंही जागच्या जागी बसवली की मगच माझं समाधान होतं. या प्रकरणात ते झालं.

दुरुस्ती दोन ठिकाणी केली. क्रिस्टलच्या रिकाम्या जागेत ७.३७२८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल. हा आकडा विचित्र वाटतो, पण १६ आणि ४८ ने भागला की बरोबर ९६०० येतो, शेष काहीच नाही. ऑप्टोचा पुल-अप १० वरून २.२ किलो-ओहम केला. उशीर ६ मायक्रोसेकंदांवर आला. १ किलो-ओहम लावून तो आणखी कमी झाला असता, पण ते मी मुद्दाम टाळलं. ऑप्टोच्या आतल्या एलईडीतून साडेपाच मिलिॲम्पिअरच जातात, पीसी८१७ चा करंट ट्रान्सफर रेशो (एलईडीच्या करंटच्या किती टक्के करंट आउटपुटला मिळतो ते) ५० टक्क्यांपर्यंत खाली असू शकतो आणि वयानुसार आणखी घसरतो. आज वाचवलेले चार मायक्रोसेकंद काही वर्षांनी लाइन पूर्ण खाली न जाण्याच्या रूपाने परत आले असते. तापमान पाहून ऑसकॅल रजिस्टर (आतल्या ऑसिलेटरचा वेग ठरवणारा आकडा) सॉफ्टवेअरमधून सुधारत राहण्याचाही एक पर्याय होता. ज्याच्या बोर्डावर क्रिस्टलला जागाच नाही त्याने तो घ्यावा. इथे काही रुपयांच्या क्रिस्टलसमोर ती कसरत करायला काही कारण नव्हतं.

बदलानंतर तीच चाचणी बाहेरच्या क्लॉकवर पुन्हा घेतली: खाली ७.०८, वर ७.६५ मेगाहर्ट्झ. ७.३७२८ पासून दोन्हीकडे जवळपास चार टक्के, आणि क्रिस्टलची स्वतःची चूक टक्क्याच्या शंभराव्या भागातली.

अचूकतेबद्दल मला नेहमी विचारलं जातं, म्हणून इथेच सांगतो. या कामाला महागडा जनरेटर लागत नाही. साध्या बेंच जनरेटरचा टाइमबेस ५० पीपीएमने (दहा लाखांत ५०) चुकला तरी ८ मेगाहर्ट्झवर तो ४०० हर्ट्झ होतो. आपण हजारोंच्या पायऱ्या टाकतोय. मोजायचं टक्क्यांत असेल तर पीपीएमच्या मागे धावू नये. हेच जर ३२.७६८ किलोहर्ट्झच्या घड्याळ-क्रिस्टलचं प्रकरण असतं, तर गोष्ट पूर्ण पालटली असती: तिथे २० पीपीएम म्हणजे दिवसाला १.७ सेकंद, महिन्याला जवळपास मिनिट. तिथे जनरेटर आणि काउंटर दोघांनाही एकाच १० मेगाहर्ट्झच्या भरवशाच्या संदर्भाला बांधल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

बोर्ड बनवणाऱ्याने पुढच्या खेपेपासून क्रिस्टल कायम केला आणि ही चाचणी उत्पादनात घेतली. प्रत्येक टेबलावर बेंच जनरेटर ठेवणं त्यांना परवडणारं नव्हतं, म्हणून एसआय५३५१ चं छोटं क्लॉक मॉड्यूल वापरून जिग (चाचणीची जोडणी) केला. पहिल्या जोडणीत काही बोर्ड चालले, काही नाही. कारण व्होल्टेजचं होतं: मॉड्यूल ३.३ व्होल्टचा क्लॉक देतं आणि ५ व्होल्टवर चालणाऱ्या या चिपला एक्सटाल-१ वर सप्लायच्या ०.७ पट, म्हणजे साडेतीन व्होल्ट लागतात. काही चिपा उदार निघतात, काही नियमावर बोट ठेवतात. मध्ये ५ व्होल्टवर चालणारा ७४एचसीटी मालिकेचा एक बफर टाकला, ज्याला उंच पातळीसाठी २ व्होल्ट पुरतात. आता प्रत्येक बोर्ड आधी बाहेरच्या क्लॉकवर ७.१५ आणि ७.६० मेगाहर्ट्झला मोडबसच्या प्रश्नांना उत्तर देतो, प्रश्न मुद्दाम पॅरिटी बिट ० येणाऱ्या बाइटांनी भरलेले असतात, आणि दोन्हीकडे पास झाला की मगच त्याचा फ्यूज क्रिस्टलवर जातो.